पंपघराची नवी जागा

सुनावणीचं दालन उघडताच शिपाई ओरडला. पाणीयोजनेच्या लाकडी मॉडेलचा जमिनीवर चक्काचूर झाला होता.

आयोगाचे दक्षता अधिकारी धावत आले. कचेरीत त्यांना 'गोचीड' म्हणत. एकदा चिकटले की सुटत नसत. त्यांनी सगळे तुकडे आपल्या खोलीत कुलपात ठेवले आणि मगच पहिली साक्ष घेतली.

ती योजनेची मुख्य इंजिनिअर होती. डोळे लाल झालेले.

"काल आयोग काय म्हणाला?"

"पंपघर पूररेषेत आहे, दुसरी जागा दाखवा, नाहीतर मंजुरी नाही. आज शेवटची संधी. अख्खं शहर टँकरवर जगतंय, साहेब."

"नवी जागा कुणाला माहीत होती?"

"कुणालाच नाही. सगळे गेल्यावर मी एकटीनं पंपघर उचलून नव्या जागी चिकटवलं. वर कापड टाकलं नि निघाले."

"घरी सांगितलं असेल."

"घरी अबोला आहे. मला हे पद मिळाल्यापासून."

मग विरोधकांचे वकील आले. काल त्यांनीच मॉडेलला 'भातुकली' म्हटलं होतं.

"कापड उचललंत?"

"मी कशाला उचलू? पंपघर पुरात आहे, यावरच तर मी जिंकणार आहे!"

शेवटी तिचा नवरा. तिच्याच कंपनीत, तिच्याहून सीनियर. तिला हे काम शिकवलं होतं त्यानंच.

"मी काल दुपारीच घरी गेलो. आत्ता येतोय. फुटलं एवढंच ऐकलं."

"मॅडम हुशार आहेत."

"हुशार!" तो हसला. "पंपघर टेकडीवर चढवलं की विजेचा खर्च केवढा वाढतो, तेही कळत नाही. आणि लोक मला 'मॅडमचे मिस्टर' म्हणतात."

अधिकाऱ्यांनी तिघांना एकत्र बसवलं.

"मॅडम, नवी जागा कुठली?"

"टेकडी."

वकील चमकले. अधिकारी म्हणाले, "वकीलसाहेब अजून पंपघर पुरातच धरून होते. म्हणजे त्यांनी कापड उचललं नव्हतं. मॅडमनी जागा कुणाला सांगितली नाही. तुकडे माझ्या कुलपात." ते नवऱ्याकडे वळले. "मग तुम्हाला टेकडी कुणी दाखवली?"

दारातला शिपाई पुटपुटला, "कुंपणानंच शेत खाल्लं!"

नवरा खाली बघत बोलू लागला.

"नुसतं बघायला आलो होतो. संध्याकाळी, ती गेल्यावर. कापड उचललं. जागा इतकी बरोबर होती... मला सुचली नव्हती."

"वकिलांनी फोडलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. पदर सावरून उठली आणि रिकाम्या हातांनी सुनावणीला गेली. फळ्यावर टेकडी काढली, खर्चाच्या एकेका प्रश्नाला उत्तर दिलं.

दुपारी मंजुरी मिळाली. अभिनंदनाला जमलेल्या गर्दीत तिची नजर एकालाच शोधत होती, आणि त्याबद्दल तिला स्वतःचाच राग येत होता.