मध्यंतराचं तिकीट

हिंगोलीच्या त्या जुन्या टॉकीजमध्ये मध्यंतराचे दिवे लागले, की सगळे जण समोशांकडे धावत आणि सृष्टी बसस्टँडकडे.

नरसीला तिचं झेरॉक्सचं दुकान होतं. कागद आणि शाई आणायची म्हणून ती रविवारी हिंगोलीला येई, आणि आबा, म्हणजे तिचे वडील माणिकराव, दुकानातून उठून शेताकडे निघायच्या आत तिला परतावं लागे. खेळ बाराचा, बस दीडची. त्यामुळे सिनेमा तिच्या वाट्याला येई तो निम्माच.

एका रविवारी बाहेर भुरभुर चालू होती. ओढणी डोक्यावर घेऊन ती पायऱ्या उतरत होती, तर दारात एक तरुण दारवानाशी हुज्जत घालत उभा.

"देविदासमामा, निम्मा खेळ झाला. निम्मेच पैसे घ्या की!"

"एसटी हाय काय ही, अर्धं तिकीट फाडायला?"

सृष्टी थबकली. अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलणारी ती नव्हेच. पण का कोण जाणे, तिने हातातलं तिकीट पुढे केलं.

"हे घ्या. माझं झालं बघून."

तो चपापला. केसांवर पावसाचे बारीक थेंब, खिशाला स्क्रूड्रायव्हर अडकवलेला. "काहून? एवढा खराब हाय का?"

"न्हाई ओ... बस हाय माझी."

"आन् मग शेवट?"

"तुमीच बघा तो!" ती पळालीच. मागून हाक आली, "अवो, खुर्ची कोणती?"

"कडेची! डावा हात हलतो तिचा, टेकू नका!"

पुढच्या रविवारी तो पायरीवर उभाच होता. टीव्हीच्या दुकानात कामाला होता. रविवारी एकच्या सुमाराला शटर पडे आणि तो इकडे धावे. तिने तिकीट दिलं, त्याने गरम समोशाचा पुडा तिच्या हातात ठेवला.

"फुकट बघवत न्हाई मला."

"मला फुकट खाववत न्हाई."

"मग बराबर झालं की!"

असं सुरू झालं. एक तिकीट, एक पुडा आणि दोन-चार वाक्यं. नावं विचारायची राहूनच गेली. इकडे मध्यंतर संपल्याची घंटा, तिकडे बसचा हॉर्न... मध्ये जागा होतीच कुठे? पण बसमध्ये समोसा खाताना सृष्टी खिडकीबाहेर बघत हसत असे, आणि शेजारच्या बाया सरकून बसत.

नरसीत तिला कुणी काही विचारत असेल, तर एवढंच— "पाठपोट झेरॉक्स निघंन का?" तिचं मत विचारणारी जागा जगात एकच होती. फोनवरचा 'कान-डोळे कट्टा' हा ग्रुप. मराठवाडाभरचे गाण्या-सिनेमाचे वेडे तिथे जमत. नवा पिक्चर, नवा अल्बम, प्रत्येकाला चहात गुण द्यायचे. भिकार असेल तर कोरा, बरा असेल तर कटिंग, जीव जडला तर बासुंदी चहा. तिथे ती 'शाईचा डाग' होती आणि समोर असेल त्याला ऐकवत होती. सगळ्यात जास्त 'वारंगा एक्सप्रेस' नावाच्या एका आगाऊ माणसाला.

"अल्बम म्हणजे जेवणाचं ताट," तिने एकदा लिहिलं होतं. "पहिल्या गाण्यापासून क्रमाने ऐकावं."

"मी थेट शेवटच्या गाण्यावर जातो," एक्सप्रेसचं उत्तर. "गोड खायचं असलं तर कारलं कशाला चाखत बसू?"

अशा माणसाचा राग यायला हवा. तिला मात्र त्याचं उत्तर येईपर्यंत करमत नसे.

मग 'पाणवठ्याची पोरगी' हा पिक्चर आला. सृष्टीने बसमध्येच लिहून टाकलं— "नायक लाखात एक. आईच्या औषधासाठी त्याने लाडका बैल विकला. बासुंदी चहा!"

संध्याकाळी एक्सप्रेस धडधडत आला. "लाखात एक? असल्याला दारात उभं करू नये. कोरा चहा, बिनसाखरेचा. आणि आई कोणती? त्याला आई होती कुठे?"

"आई मध्यंतराआधी वारते! तुम्ही झोपला होता का?"

"आणि त्याने शहरात दुसरं लग्न केलं, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"कोणतं दुसरं लग्न?"

लिहून गेल्यावर तिने जीभ चावली. कट्ट्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. आणि वसमतचे व्यंकटकाका, कट्टा चालवणारे निवृत्त पोस्टमास्तर, अवतरले. "कट्ट्याचा एकच नियम आहे. पूर्ण पाहिल्याशिवाय मत द्यायचं नाही. दोघांपैकी खोटं कोण?"

सृष्टी फोन घेऊन गोठ्यापाशी उभी. एक्सप्रेसला आई माहीत नाही, शेवट माहीत आहे. मध्यंतरानंतर आत शिरणारा माणूस... समोशाचा पुडा देणारा. तोच!

तेवढ्यात फोन थरथरला. "शाईबाईंचं बरोबर आहे, काका. मी निम्माच बघतो, नेहमीच. त्यांनी पूर्ण पाहिलाय. त्यांना काही म्हणू नका."

खाली काकांची ओळ— वारंगा एक्सप्रेस यांना काढण्यात आलं आहे.

म्हणजे शाईबाई कोण, ते त्यालाही कळलं होतं. आता गप्प राहिलं, की कट्टा तिचा. उद्या पुन्हा कुणीतरी विचारेल, 'शाईबाई, तुम्हाला कसा वाटला?' फक्त गप्प राहायचं... तिने डोळे मिटले, उघडले आणि लिहिलं— "काका, ते तुमच्याशी अर्धंच खरं बोलले. मी आजवर एकाही पिक्चरचा शेवट पाहिलेला नाही."

तिलाही काढलं. फोन एकाएकी मुका झाला. 

रविवारी ती खेळ सुरू व्हायच्या आधीच पोचली. पायरीवर तो! हातात दोन तिकिटं.

"आज दुकान?" तिने विचारलं.

"सुट्टी मागितली." त्याची नजर तिच्या बोटांवरच्या शाईवर गेली. "डाग तर खराच हाय की."

ती लाजून हात मागे घेत म्हणाली, "तुमी काहून आळ घेतला स्वतःवर?"

"तुमी भांडला न्हाईत, तर माझी संध्याकाळ जात न्हाई. म्हणलं, तुमी तरी ऱ्हावा तिथं." तो घुटमळला. "मी कायम शेवटच बघत आलो. सुरुवात कशी करत्यात, मला ठावं न्हाई..."

"नावानं करत्यात."

"भागवत."

"सृष्टी."

देविदासमामा खाकरले. "आत बी चालू हुईल म्हणलं एखादा पिक्चर!"

तिने आधी आबांना फोन लावला. "आबा, मी शाईला न्हाई, पिक्चरला आले. आज पूर्ण बघून येते."

पलीकडून आबा म्हणाले, "ठावं हाय मला. तू आणती तेवढी शाई साऱ्या तालुक्याला बी लागत न्हाई. तीनची बस चुकवू नको."

मध्यंतराचे दिवे लागले आणि सवयीने ती उठलीच. "बस?" भागवतने हळूच विचारलं. ती पुन्हा खाली बसली. "आज न्हाई." अंधार झाला. हलणारा खुर्चीचा हात त्याने धरून ठेवला होता, तिला टेकता यावं म्हणून. शेवटपर्यंत.

बस नरसीच्या वाटेला लागली आणि फोन वाजला. दोघं आज पूर्ण पिक्चर बघताहेत असं भागवतने कळवल्यावर व्यंकटकाकांनी दोघांना परत घेतलं होतं. अट एकच— आज पाहिलेल्या पिक्चरचा शेवट लिहायचा.

निघताना घेतलेल्या नंबरावर तिने घाईने त्याला फोन केला. "अवो, शेवट काय झाला?"

"मला काय ठावं? मी तर... तुमाला बघून राहिलो होतो. तुमी बघितला असंल ना!"

सृष्टीने तर सगळा वेळ खुर्ची धरणारा त्याचा हात पाहिला होता.

"आता वं?" ती म्हणाली.

"आता काय, पुढच्या रविवारी परत बघावा लागंन."

कट्ट्यावर तिने लिहिलं— "पूर्ण बसलो. शेवट आठवत नाही. बासुंदी चहा, दोन कप."