पंचेचाळीस मिनिटांचा मौनकाळ

शस्त्रक्रियेचं टेबल पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शलाकाच्या मनात आलं, हे फारच अरुंद आहे. एवढ्याशा फळीवर नऊ महिन्यांचं पोट घेऊन माणूस झोपणार कसा? मग तिला त्या टेबलावर छतातून लोंबणारे चार यांत्रिक हात दिसले आणि फळीची रुंदी ती विसरूनच गेली.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ मेरुतळ नावाची ही वस्ती, माणसं जेमतेम दोनशे. शलाका कुरणे तिथे दळणवळण विभागात होती. पृथ्वीशी बोलणं चालू ठेवणं हेच तिचं काम. बाळाची वार खाली सरकली आहे, नेहमीसारखं बाळंतपण होणार नाही, पोट उघडूनच बाळ काढावं लागेल, हे सातव्या महिन्यात कळलं होतं. तोवर पृथ्वीवर परतायची वेळ टळून गेली होती. यानाचा धक्का त्या पोटाला सोसवला नसता.

"मला एकच सांगा मॅडम," ती टेबलावर बसून म्हणाली. "हात तुमचा असणार की यंत्राचा?"

समोरच्या पडद्यावर मिरजेहून डॉ. कुमुद हिर्लेकर दिसत होत्या. त्या लगेच बोलल्या नाहीत. बोलणार कशा? प्रश्न जायला सव्वा सेकंद, उत्तर यायला सव्वा. मेरुतळावर सगळ्यांच्या हे अंगवळणी पडलं होतं. पृथ्वीशी बोलताना आपलं वाक्य संपलं की मनात एक, दोन, अडीच म्हणायचं, मग कान द्यायचा. नव्या माणसाची खूण हीच, की तो मध्येच बोलतो.

"खरं सांगू का," कुमुद मॅडम म्हणाल्या. "दोघांचा. तुझी रक्तवाहिनी सुटली आणि मला ती अडीच सेकंद उशिरा आवरता आली, तर काय उपयोग? म्हणून तिकडे माझी छाया आहे. माझ्या साडेचार हजार शस्त्रक्रिया तिला पाजल्यात. मी पुढच्या क्षणी काय करणार ते ओळखून ती हात चालवते. मागून माझी खरी आज्ञा येते आणि तिची चूक दुरुस्त होते. तिला वैद्यछाया म्हणतात."

"आणि तुम्ही तिकडे काय बघता?"

एक, दोन, अडीच.

"तुझी छाया. रुग्णछाया. तुझ्या नाडीवरून, रक्तावरून, तुझं शरीर आत्ता या क्षणी कसं असेल ते यंत्र मला दाखवतं. मी तिच्यावर काम करते. तिचं रक्त जातं, तिला धाप लागते. बोलतेसुद्धा. तुझ्याकडून बाराशे प्रश्नांची उत्तरं भरून घेतली ती उगाच नाही."

"बोलते?"

"संपर्क असेपर्यंत दोन्ही छायांची तोंडं बंद. मी तुझ्याशी बोलेन, तू माझ्याशी. संपर्क तुटलाच तर त्या बोलायला लागतात, म्हणजे इकडे माझा हात दचकू नये आणि तिकडे तू दचकू नयेस. आणि सुरुवात झाली की दोघीही थांबत नाहीत. उघडं पोट तसंच ठेवून वाट बघत बसणं सगळ्यात वाईट."

"मग चूक झाली तर?"

"अडीच सेकंदांत चूक होऊन होऊन केवढी होणार? नखाएवढी. दुरुस्ती येतच असते." तुझ्यापासून काय लपवायचं, असा मॅडमचा चेहरा झाला. "दुरुस्ती आलीच नाही तर मात्र ती वाढत जाते. म्हणून तर मौनकाळात आपण हात लावत नाही."

मौनकाळ शलाकाला पाठ होता. मेरुतळाचं पृथ्वीशी बोलणं दोन वार्तावह उपग्रहांमार्फत चाले. एक क्षितिजाखाली गेला की दुसरा वर येईपर्यंत पंचेचाळीस मिनिटं सगळं गप्प. आज तो अकरा पस्तीसला सुरू होणार होता.

खरं तर शस्त्रक्रिया नऊला ठरली होती. नऊला झाली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण इस्लामपूरच्या सासूबाईंनी मुहूर्त काढला. पोट उघडूनच काढायचंय ना, मग चांगल्या घटकेला काढा, हे त्यांचं म्हणणं, आणि पृथ्वीवर निम्मी घरं हेच करतात. चंद्रावरच जन्मणाऱ्या मुलाची चंद्ररास कुठली धरायची, यावर गुरुजींनी दोन दिवस घेतले आणि शेवटी दहा बावन्नची वेळ दिली. शलाका आणि तिचा नवरा तुषार दोघंही अभियंते. दोघंही हसले, आणि आईचं मन कशाला मोडायचं म्हणून दोघांनीही मान डोलावली. कुमुद मॅडमनी हिशेब केला. साडेदहाला भूल, मुहूर्ताला छेद, अकराला बाळ, सव्वाअकरापर्यंत टाके. मौनकाळाआधी वीस मिनिटं हातात. त्या हो म्हणाल्या. सासूबाई तर आदल्या दिवशीच मिरजेला येऊन बसल्या.

"पाठ वाकवा. हनुवटी छातीला," डॉ. इम्तियाज मुजावर मागून म्हणाले. वस्तीवरचे एकुलते एक डॉक्टर, मूळचे कोल्हापूरचे आणि शिक्षणाने भूलतज्ज्ञ. "मुंगी चावल्यासारखं होईल. मग पाय गरम वाटतील, मग जड. काय घाबरायचं नाही बघा."

सुई टोचली त्याचं तिला काही वाटलं नाही. पाय गरम झाले. पण जड होईनात. मुजावर बर्फाचा खडा मांडीवर टेकवत, मग पोटावर, आणि विचारत, गार लागतंय? लागत होतं. हे औषध मणक्यातल्या पाण्यात स्वतःच्या वजनाने पसरतं, आणि इथे वजन पृथ्वीच्या एक षष्ठांश. टेबल डोक्याकडे झुकवून ठेवलं होतं तरी ते निवांत चाललं होतं. दहा बावन्न झाले, मुहूर्त आला आणि गेला. सव्वाअकराला बर्फ बरगड्यांपर्यंत लागेनासा झाला.

"आता मौनकाळ संपल्यावरच करूया का?" मुजावरांनी पडद्याकडे बघून विचारलं. ते उत्तराची वाट बघत असतानाच त्यांची नजर खाली गेली आणि तिथेच थांबली. शलाकाला कमरेखालचं काही कळत नव्हतं. तिला फक्त त्यांचा चेहरा दिसला, आणि ती घाबरली.

"रक्त जायला लागलंय मॅडम. थोडं आहे."

एक, दोन, अडीच.

"मग थांबता येणार नाही," कुमुद मॅडम म्हणाल्या. "पडदा लावा. तुषारला आत घ्या. शलाका, बाळा, मी आहे इथे."

छातीपाशी निळा पडदा आडवा लागला. हिरवा झगा घालून तुषार उशाशी येऊन बसला. त्याचा हात तिच्यापेक्षा गार होता. मिरजेचा पडदा निळ्या कापडाआड गेला, आता मॅडमचा फक्त आवाज. यांत्रिक हात गुणगुणत खाली आले. कुणीतरी पोटावर बोट फिरवून रेघ ओढावी एवढंच तिला जाणवलं. दुखलं नाही. मात्र पुढची ओढाताण तिला कुणी आधी सांगितली असती तरी कळली नसती. आपल्या पोटात हात घालून कुणीतरी शोधाशोध करतंय, आणि दुखत मात्र नाही. तिचे दात वाजायला लागले.

"थंडी औषधाची आहे," मुजावर म्हणाले. "सगळ्यांनाच वाजते."

ती मॅडमशी बोलत राहिली. काय वाटेल ते विचारायची आणि अडीच मोजायची. त्या मोजण्याचा तिला आधार होता. पलीकडे जितंजागतं माणूस आहे, आपलं वाक्य अंतराळ ओलांडून त्याच्यापर्यंत जातंय, एवढं त्यातून कळे.

"आता दाब येईल," मॅडम म्हणाल्या. "छातीवर कुणी बसल्यासारखं. घाबरू नकोस."

दाब आला. मुजावर दोन्ही हातांनी तिच्या पोटाच्या वरच्या भागावर रेटत होते. मग एकदम सगळं हलकं झालं. पडद्यापलीकडे काहीतरी ओलं, जांभळट वर उचललेलं तिला निमिषभर दिसलं. आवाज मात्र आला नाही.

"मॅडम, रडत का नाही?"

"रडेल गं, तोंडातलं पाणी काढू दे," आवाज म्हणाला.

शलाका एक म्हणायच्या आत.

तिचं अंग आधीच गार पडलेलं होतं. आता ते आतूनही गार झालं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा अडतीस. तुषारला काही कळलं नव्हतं, तो बाळाकडे मान उंचावून बघत होता. मुजावर बाळापाशी धावले होते. तिच्या उघड्या पोटात चार लोखंडी हात चालले होते आणि जगातलं कुठलंच माणूस ते चालवत नव्हतं.

"तुम्ही छाया आहात," ती हळूच म्हणाली.

"हो," आवाज म्हणाला. "संपर्क जाऊन तीन मिनिटं झाली. कुमुदने तुला खोटं सांगितलं नसतं, म्हणून मीही सांगत नाही. वार चिकटलीय. रक्त जास्त जातंय. तुला चक्कर येईल. तुषारकडे बघत राहा."

थांबा म्हणावं असं शलाकाला मनापासून वाटलं. पण थांबून काय करणार? पंचेचाळीस मिनिटं पोट उघडं ठेवून पडून राहणार? नखाएवढी चूक आता बोटाएवढी झाली असेल, थोड्या वेळाने वीतभर होईल, असं ती मनात मोजत राहिली. एका मुहूर्तापायी आपण हे करून बसलो. तिला सासूबाईंचा राग आला, मग स्वतःचा आला, मग राग धरण्याइतकी ताकद उरली नाही. तुषारचा चेहरा कडेने काळा होत गेला. मुजावर परत आले, रक्ताची पिशवी लावली, मग दुसरी लावली. छायेचा आवाज मात्र त्याच मापात चालला होता. गर्भाशय मुठीत धरलंय. चोळतेय. आकसत नाहीये. औषध द्या. अजून द्या. वाट बघू. आकसतंय.

आणि कोपऱ्यातून मांजराच्या पिलासारखं काहीतरी रडलं.

"मुलगी आहे," तुषार म्हणाला, आणि स्वतःच हुंदके देऊ लागला.

टाके संपायला बारा दहा झाले. बाळ काढायला जेवढा वेळ लागला त्याच्या तिप्पट शिवायला. यांत्रिक हात वर गेले, पडदा निघाला, मुलगी तिच्या उघड्या छातीवर आली. ओली, ऊबदार, आणि इथल्या गुरुत्वाकर्षणात उशीतल्या कापसाएवढी हलकी. शलाकाला भीतीने रडू येत होतं की सुटकेने, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"आता ऐका," मुजावर म्हणाले. त्यांच्या झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत लाल होत्या आणि आवाज थकला होता. "पाय तीन-चार तासांनी तुमचे होतील. सहा तासांनी पाणी, घोटघोट. वारा सरला की पेज. लघवीची नळी उद्या काढू आणि उद्याच तुम्हाला उभं करणार, शिव्या दिल्या तरी करणार. खोकला आला तर उशी पोटाशी गच्च धरायची. हसायचं कमी."

ती हसली. पोटात काही दुखलं नाही, अजून दुखणारच नव्हतं. यंत्राने वाचवलं म्हणायचं की मॅडमनी, असा विचार तिच्या मनात आला. कुणी का असेना, असंही वाटलं.

बारा वीसला दुसरा उपग्रह क्षितिजावर आला आणि ध्वनिवर्धकात खरखर झाली.

"मुजावर, येतंय का ऐकू?" कुमुद मॅडमचा आवाज घोगरा झाला होता. "तुषारला धरा आधी. तुषार, मला माफ कर. मी जेवढं करता येईल तेवढं केलं. वार सुटली नाही, रक्त थांबलं नाही. अकरा एकावन्नला तिचं हृदय थांबलं. शेवटपर्यंत बाळाचं विचारत होती. बाळ तिकडे जगलं का, तेवढं सांगा. छायेत नीट दिसलं नाही. तुझ्या आईंना मी सांगितलंय. त्या इथेच आहेत."

त्यांच्या मागे कुणीतरी म्हातारं माणूस एकसुरात रडत होतं. तो आवाज शलाकाने ओळखला.

मग तिला सगळं उमगलं. इकडे मॅडमच्या छायेने तिच्यावर काम केलं, तसं तिकडे मॅडमनी संपर्क तुटल्यावरही तिच्या छायेवर काम केलं होतं. तिची खरी नाडी तिकडे पोहोचलीच नव्हती, म्हणून दुरुस्तीही नव्हती. चूक वाढली होती, पण ती त्या बाजूला.

"मॅडम," ती घाईने म्हणाली, "मी शलाका बोलतेय. मी जिवंत आहे. मुलगी झालीय, माझ्या छातीवर आहे. आईंना सांगा, आधी आईंना सांगा."

एक. दोन. अडीच. पलीकडचं रडणं थांबलं. मग मॅडम बोलल्या, पण तिच्याशी नव्हे. तिथल्या कुणाला तरी त्या सांगत होत्या.

"ही छाया अजून चालूच ठेवलीत? मरतानाही ती असंच बोलत होती. आई बसल्यात इथे, त्यांना हे कशाला ऐकवता? बंद करा तिला."

शलाकाने हाक मारली. ती तिकडे पोहोचायच्या आत मिरजेने संपर्क तोडला होता.