सतरा लाथा

जोतिराम मगदूमच्या कानशिलात बसलेली थप्पड इतकी सणसणीत होती की प्रयोगशाळेच्या टोकाला चहा ओतणारे डॉ. फरीद मुजावर दचकले आणि निम्मा चहा बशीत गेला. जोतिरामच्या ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची बारीक रेघ निघाली.

"पुन्हा," सुवर्णा म्हणाली.

"आक्का, आनि किती मारू?" रणधीर हात झटकत म्हणाला. "गडी हाय त्यो, पोतं न्हवं."

"तू हाण रं," जोतिराम ओठ पुसत हसला. "मैदानात वसूल करतो समदं."

डॉ. सुवर्णा इंगवले प्रकाशयंत्रांची तज्ज्ञ. रणधीर तिचा धाकटा भाऊ. तो आणि जोतिराम दोघेही वस्ताद हिंदुराव चौगुल्यांचे पठ्ठे, आणि एकशेवीस किलोचे वस्ताद स्वतः कोपऱ्यातल्या खुर्चीत कसेबसे मावून बसले होते. कोल्हापुरातल्या या प्रयोगशाळेकडे कुस्ती महामंडळानं एकच निर्णय सोपवला होता. मोहरीच्या दाण्याएवढे दोन कॅमेरे समोर होते. राज्यातल्या प्रत्येक हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या तांबड्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला, लाकडी फळीत, यांतला कोणता बसवायचा?

दाण्याएवढाच का, याला कारण होतं. मागच्या वर्षी एका मैदानात फळीवर काडेपेटीएवढा कॅमेरा बसवला होता. धोबीपछाड बसलेला पैलवान थेट त्याच्यावर आदळला आणि कवटी फुटून जागच्या जागी मेला. बरं, कॅमेरे छताला टांगावेत, तर वरून नुसत्या पाठी दिसतात. डोळ्यात घातलेलं बोट, बरगडीत मारलेली मूठ, हे सगळं खाली दोन अंगांच्या मधे चालतं.

सुवर्णानं पडद्यावर दोन्ही नोंदी लावल्या. पहिल्या कॅमेऱ्याला ती संचयी म्हणायची. त्याच्या चित्रात खोली होती, खुर्ची होती, वस्तादांचा पटकाही होता. जोतिरामचा गालही होता, आधी बरा आणि मग सुजलेला. मारणारा हात मात्र कुठंच नव्हता. दुसरा बदलवेधी. त्याच्या चित्रात सगळा काळोख, आणि काळोखात पाची बोटं पसरलेला एक स्वच्छ हात सपकन येऊन गेला.

"ह्यो काय चमत्कार?" वस्तादांनी विचारलं.

"चमत्कार नाही, वस्ताद. कॅमेऱ्याचं भोक लहान, म्हणून आत येणारा प्रकाश थोडा," मुजावर म्हणाले. "नळाला थेंब थेंब पाणी आलं की आपण काय करतो? घागर लावून ठेवतो. संचयी तेच करतो. घागर भरेपर्यंत थांबतो. तेवढ्यात जो येऊन गेला, त्याचा थेंब घागरीत कळतसुद्धा नाही. बदलवेधी घागर लावतच नाही. त्याचा प्रत्येक ठिपका, प्रकाश बदलला की तेवढ्यापुरता ओरडतो. बदलला नाही तर गप्प."

"म्हंजे हाललाच न्हाई, त्यो दिसनारच न्हाई?"

"नाही दिसणार. खरं तर आपल्या डोळ्याचंही तसंच आहे. पण आपला डोळा सारखा बारीक थरथरत असतो, म्हणून आपल्याला उभी भिंत दिसते. ती थरथर बंद केली तर भिंत विरून जाईल."

रणधीरला एवढं पुरे होतं. लहानपणापासून त्याला कुठलीही गोष्ट ऐकून पटत नसे. कॅमेरा बसवलेल्या फळीला त्यानं टाचेनं एक लाथ घातली. काळ्या पडद्यावर क्षणभर सगळी खोली उजळली. भिंती आल्या, कपाट आलं, खुर्चीत दगडासारखे बसलेले वस्ताद आले.

"आक्का, बघ! वस्तादबी दिसाय लागले!"

"नीट उभा राहा," सुवर्णा वैतागली. "हा नुसता कचरा आहे. पैलवान दिवसभर फळ्यांवर आदळणार, मग असली चित्रं हजारांनी येतील. मी कंपनगाळणी लावणार आहे. फळी हलली की तेवढा क्षण बाद. आणि जोराची हालचाल झाली तरच कॅमेरा जागा होईल, म्हणजे साठा भरायला नको."

"मी तरी संचयी घेईन," मुजावर हळूच म्हणाले. "निदान तिथं कोण होतं ते तरी कळेल."

"कोण होतं ते पंचाला दिसतंच, मुजावर. काय केलं ते दिसत नाही. आणि हौद्यात न हलता कोण काय वाईट करतंय?"

तालमीच्या मातीत वाढलेल्या मुलीनं असं बोलावं, ही नवलाचीच गोष्ट. पण शहाणपण जास्त झालं की माणूस स्वतःच्या घरचं विसरतो.

"पोरगी खरं बोलती," वस्ताद म्हणाले. "खोड्या करनं ह्ये चपळाईचंच काम."

सुवर्णानं बदलवेधीच्या कागदावर सही केली.

तीन महिन्यांनी, भर दुपारी, तालीम बंद असताना रणधीर हौद्यात मेला.

हौद्याच्या फळीतल्या कॅमेऱ्याची नोंद होती. पोलिसांनी ती सुवर्णाला दाखवली. काळोखात तिचा भाऊ पालथा पडला होता आणि एकटाच तडफडत होता. हात मातीत रुतत होते, पुन्हा बाहेर येत होते, मागं जाऊन हवेत काहीतरी ओरबाडत होते. मान पिळवटत होती. मधे मधे चित्र तुटत होतं, कडेनं थोडे ठिपके उठत होते. ती उडालेली माती, असं पोलिसांनी लिहिलं. मग हात सावकाश झाले. मग नुसती बोटं राहिली. बोटंही थांबली आणि पडद्यावर काही म्हणजे काही उरलं नाही.

शवविच्छेदनात श्वासनलिकेतून मूठभर तांबडी माती निघाली आणि मानेचा एक मणका सरकलेला आढळला. फेफरं आलं, तोंड मातीत गेलं, गुदमरला. कागद बंद. सुवर्णाच्या घरात सात पिढ्यांत कुणाला फेफरं आलं नव्हतं.

तिनं ती नोंद दोन दिवसांत किती वेळा पाहिली, ते तिलाच ठाऊक. चौथ्या दिवशी ती तालमीत गेली. वस्ताद कट्ट्यावर डोकं धरून बसले होते. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि लहान मुलासारखे रडले. सुवर्णानं डोळे पुसले आणि जमलेल्या पंचवीस-तीस पोरांसमोर सांगून टाकलं.

"रणधीरला कुणीतरी दाबून धरलं होतं. तो माणूस हलला नाही, म्हणून दिसला नाही. आणि न हललेलं दिसत नाही, हे त्याला माहीत होतं."

तिनं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच पडली नाही. पुढच्या महिन्यातल्या मैदानात तालमीकडून रणधीर उतरायचा की जोतिराम, यावरून वर्षभर चुरस होती. आणि त्या दिवशी प्रयोगशाळेत जोतिराम हजर होता. एकेक करून सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. जोतिराम खांबापाशी उभा होता.

पहिला जड लाकडी मुद्गल त्याच्या उजव्या गुडघ्यावर बसला. वाटी फुटल्याचा आवाज, सुपारी फोडावी तसा, सगळ्यांनी ऐकला. तो कोसळल्यावर लाथा सुरू झाल्या. बरगड्यांत, तोंडावर, पाठीवर. एकानं त्याचे केस धरून तोंड मातीत घासलं. "खा! खा माती! त्येला चारलीस तशी खा!" तांबड्या मातीत रक्त वेगळं दिसत नव्हतं, नुसती ओल पसरत होती.

सुवर्णा दहा पावलांवर होती. ओरडली असती तर पोरं थांबली असती. ती ओरडली नाही. तिला बरं वाटत होतं, आणि यात लपवण्यासारखं काही नाही.

"बास करा रं," शेवटी वस्ताद म्हणाले. तोवर जोतिराम हलायचा थांबला होता. पोरांनी त्याला दवाखान्यात टाकून दिलं, आणि पोलिसांना सांगितलं, गच्चीवरून पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुजावरांचा फोन आला. "नोंद मधे मधे तुटते ना? तिथं तुझी कंपनगाळणी लागली आहे. बाद केलेले क्षण कच्च्या साठ्यात महिनाभर राहतात. ये लगेच."

वस्ताद घरी सांत्वनालाच आले होते. "येकटी जाऊ नगंस पोरी, मी येतो," म्हणून ते तिच्याबरोबर निघाले.

प्रयोगशाळेत चाचणीची ती जुनी फळी टेबलाला तशीच आवळलेली होती, बदलवेधी दाण्यासकट. सुवर्णा खुर्चीत बसली. वस्ताद तिच्या मागं उभे राहिले, तिच्या खांद्यावर थोपटत. तिनं यंत्रणा सुरू केली आणि पहिलं काम म्हणून कंपनगाळणी बंद केली. पडद्याच्या एका बाजूला समोरच्या दाण्याचं चालू चित्र आलं. काळोख, आणि त्यात तिची कळफलकावर फिरणारी बोटं.

"सतरा ठिकाणी फळी हलली आहे," मुजावर म्हणाले. "चित्रं मी अजून उघडली नाहीत. तो तुझा हक्क. पण मधलं अंतर मोजलं. जवळजवळ सारखं आहे. तडफडणाऱ्या माणसाच्या लाथा अशा मोजून पडत नाहीत, सुवर्णा." ते शेजारच्या खोलीत गेले. "पाठवतोय. दोन्ही पडद्यांवर येईल."

सुवर्णाला रडू फुटलं. रणधीर सुटायची धडपड करत नव्हता. किंवा करत होता, आणि मग त्याला कळलं होतं की सुटका नाही. तेव्हा त्या शहाण्यानं उरलेला दम पायात आणला आणि फळीला लाथा घातल्या. एक, दोन, तीन. आक्काच्या कॅमेऱ्याला दिसावं म्हणून. आणि आक्कानं ते सगळे क्षण कचरा म्हणून आधीच फेकून द्यायची सोय करून ठेवली होती.

पहिलं चित्र वरून खाली सावकाश भरू लागलं. तेवढ्यात दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. नोंद सुरू होते तेव्हा रणधीर आधीच पालथा आहे. झटापट नाही, पाडापाडी नाही. म्हणजे तो आपण होऊन निजला होता आणि वरचा माणूस इतक्या सावकाश त्याच्यावर चढला होता की कॅमेरा जागासुद्धा झाला नाही. चुरशीच्या गड्यासमोर कुठला पैलवान असा पालथा निजेल? तो निजतो फक्त मान कमवायला, ती बळकट करायला. रोज सकाळी, प्रत्येक पठ्ठा. मातीत तोंड करून, हात पसरून. मानेवर गुडघा ठेवतो तो वस्ताद.

पडद्यावर आधी पटका आला. मग कपाळ, मिटलेलं तोंड, पहाडासारखे खांदे. वस्ताद हिंदुराव चौगुले आपल्या पठ्ठ्याच्या मानेवर गुडघा देऊन, पूजेला बसावं तसे शांत बसले होते.

सुवर्णाच्या खांद्यावर थोपटणारा हात थांबला होता.

"नुरा खेळ म्हनलं हुतं त्येला," वस्ताद मागून म्हणाले. नुरा म्हणजे दोघांनी आधी ठरवून खेळलेली खोटी कुस्ती. "म्या शबुद दिला हुता म्होरल्या तालमीला. न्हाई म्हनला. वर भर मैदानात समद्यास्नी सांगतो म्हनला. चाळीस वर्सांचं नाव माझं, पोरी."

दंड तिच्या गळ्याभोवती सावकाश आला, अजगरासारखा, कसलीही घाई न करता. ओरडायला श्वास मिळाला नाही. तिनं दोन्ही हातांनी तो दंड ओरबाडला, नखं मोडली, कातडं निघालं. समोरच्या पडद्यावर फक्त तिचेच हात होते. काळोखात वेड्यासारखे नाचणारे दोन हात, विस्कटलेले केस, आणि मागं काहीच नाही. कानात रक्त घणघणू लागलं. एका बाईला शोक अनावर झाला आणि ती झटका येऊन मेली, असं कुणीतरी लिहील.

तिनं हात खाली सोडले. गळा सोडवायचा नाद सोडून तिनं पाय आखडला, आणि होता नव्हता तो जोर काढून फळीला लाथ घातली.

सतरा रणधीरच्या होत्या. ही अठरावी.

पडदा उजळला. कपाट आलं, भिंती आल्या, खुर्ची आली, आणि खुर्चीमागं तिचा गळा आवळून उभे असलेले वस्ताद आले. पडद्याच्या या बाजूला ते, त्या बाजूलाही तेच, तिथं त्यांच्याखाली भाऊ आणि इथं बहीण. चाळीस वर्षं ज्या माणसाला मैदानात कुणी हलवू शकलं नव्हतं, तो स्वतःला बघून दचकला. दंड तसूभर सैल पडला. तिनं दुसरी लाथ घातली, तिसरी घातली. पलीकडच्या खोलीत तोच पडदा तीनदा उजळला आणि मुजावर कॅमेऱ्याचा लोखंडी तिपाई स्टँड घेऊन धावत आले. आयुष्यात माशीही न मारलेल्या त्या माणसानं स्टँड दोन्ही हातांनी वस्तादांच्या मानेखाली हाणला. हाड मोडलं. वस्ताद गुडघ्यावर आले, तेव्हा मुजावरांनी पुन्हा हाणला, आणि पुन्हा. सुवर्णानं त्यांचा हात धरला नसता तर ते थांबले नसते.

आठवड्यानं गळ्याला पट्टा बांधलेली सुवर्णा दवाखान्यात गेली. मारणाऱ्या पोरांची नावं आणि त्यांत स्वतःचंही, तिनं पोलिसांना लिहून दिली होती. जोतिरामचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. गुडघा आता वाकणार नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते. एक डोळा अजून उघडत नव्हता.

तिनं काय काय बोलायचं ते ठरवून आणलं होतं. महामंडळाला आता दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी बसवायला सांगितलंय, बदलवेधीच्या फळीखाली डोळ्यासारखी बारीक थरथर देणारं यंत्र लावलंय, असं बरंच. ती खाटेशेजारचं स्टूल ओढून बसली.

जोतिरामनं तिच्या गळ्याच्या पट्ट्याकडं पाहिलं.

"आक्का," तो म्हणाला, "त्या दिवशी तालमीत म्याबी खांबाला उभाच हुतो. जराबी हाललो न्हवतो." त्यानं उघडा डोळा तिच्यावर रोखला. "मी बरा दिसलो तुमास्नी."