दंडावरची हिरवी पट्टी

हनीफ इनामदारची सायकल चिंचवड स्टेशनाजवळ नेमकी चांदभाईंच्या दुकानापुढंच मोडली. सायकलींना एवढी अक्कल क्वचितच असते.

चांदभाई नमाजाला गेले होते. दुकानात त्यांची लेक, गौहर.

"चाक विलायती, ब्रेक जर्मन, चेन कोरी," हनीफ घाम पुसत म्हणाला. "एकेक भाग निवडून बसवलाय. पण एकत्र म्हणून चालत नाहीत."

"आमच्या नातेवाइकांसारखे," गौहर म्हणाली.

तो हसला. पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात तो इंजिनिअर होता. "हेच शिकायला अमेरिकेला जायचं म्हणतोय. सिस्टिम्स इंजिनिअरिंग. मास्टर्सची पदवी."

"सायकलीसाठी अमेरिका? अब्बांना सांगू नका, तेही निघतील."

त्या हिवाळ्यात सायकल फार बिघडू लागली. हनीफ स्क्रू ढिला करून आणतो, हे चांदभाईंनी पहिल्याच खेपेला ओळखलं. पण गिऱ्हाइकाला नाउमेद करणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. हनीफ गौहरला समजावी – भट्टी तापली की खबर फिरून मुळाशी यायला हवी, तरच आच कमी होते. नुसती गेलेली खबर म्हणजे सिस्टिम नव्हे. गौहर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐके.

मग त्याला प्रवेश मिळाला. त्याच सुमारास तिला पुण्याच्या अत्तरवाल्यांचं स्थळ आलं. मुलगा शांत, दुकान स्वतःचं, आणि मुख्य म्हणजे तो कुठंही जाणार नव्हता. ईदपर्यंत जबाब द्यायचं चांदभाईंनी कबूल केलं.

निघायच्या दिवशी हनीफ सायकल ठेवायला आला.

"दंड मोकळा?" चांदभाई म्हणाले. "इमाम जामीन न्हाई बांधलं कुणी?"

सफरीला निघालेल्याच्या दंडावर घरातली बाई नाणं शिवलेली पट्टी बांधते. सफर सुखरूप पुरी झाली की ती सोडायची, नाणं खैरात करायचं.

"अम्मी बांधायची," हनीफ म्हणाला. "आता घरात बाई अशी..."

गौहर आत गेली आणि हिरवी पट्टी घेऊन आली. बारीक टाके, एका बैठकीत घातलेले नक्कीच नव्हते. चांदभाईंना एकदम पंपात काहीतरी दोष दिसला. ते पाठ फिरवून बसले.

तिनं गाठ मारली.

"न्यूयॉर्कला उतरलो की सोडीन," हनीफ म्हणाला. शिकलेली माणसं कधीकधी असं बोलतात.

"नाही," गौहर हळूच म्हणाली. "मुळाशी परत आल्याशिवाय पुरं होत नाही, तुम्हीच शिकवलंत ना? नाणं इथल्या फकिराला द्यायचं. स्टेशनावरच्या."

"दोन वर्षं लागतील... आणि ते पुण्याचं स्थळ?"

"घरच्या बाईनं बांधायचं असतं ना? मग – मी बांधलं की."

हनीफनं पट्टीवर हात ठेवला. "येईन," एवढंच म्हणाला.

हनीफची गाडी गेली. चांदभाईंनी सायकलीकडं पाहिलं. "बेटा, ही विकून टाकायची का?"

"नको, अब्बा. दुरुस्तीला आलीय."

चांदभाईंनी सायकल आढ्याला नीट टांगली आणि अत्तरवाल्यांना नाही म्हणायला पुण्याची गाडी धरली.