चांदभाईंच्या दुकानातलं इंग्रजी

हे कापड तुमच्या बॉडीला सुटेबल आहे, असं एका अनोळखी तरुणानं मला दौंडच्या भर बाजारात सांगितलं, आणि तेही इंग्रजीतून. माझा हात चपलेकडे जायच्या बेतात होता. पण त्याचा चेहरा बघितला आणि राग विरघळला. तोंडी परीक्षेला बसवल्यासारखा घाम फुटला होता बिचाऱ्याला.

मी चांदभाईंच्या दुकानात ओढणी घ्यायला शिरले होते. हा तिथला सेल्समन, सम्राट. वडगाव रासाईहून रोज मोटरसायकलवर यायचा. पुण्यातल्या एका मोठ्या शोरूममध्ये त्याचा इंटरव्ह्यू होता आणि गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलता आलं पाहिजे अशी तिथली अट होती. म्हणून येईल त्या बाईवर तो सराव करत होता. आज त्याची गाठ पडली ती नेमकी स्टेशनजवळच्या क्लासात इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्याशी.

"बॉडीबिडी काही म्हणायचं नाही," मी म्हटलं. "इट लुक्स गुड ऑन यू. बास."

त्यानं ओढणीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "इट लुक्स गुड... ऑन यू," तो हळूच म्हणाला, आणि मान खाली घालून घड्या घालायला लागला. ती ओढणी मी घेतली. खरं तर तिचा रंग मला मुळीच आवडला नव्हता.

मग दुपारी क्लास सुटला की मी दुकानात जायला लागले. दुपारी बाजार थंडच असतो, शिकव की, असं चांदभाई म्हणाले. मापाला बसलं तर 'इट फिट्स', माणसाला खुललं तर 'इट सूट्स'. घालून बघा म्हणायचं तर 'ट्राय इट ऑन'. आणि ते 'गार्मेंट' सोडा, शर्टाला शर्ट म्हणा.

तो भराभर शिकला, पण एक सवय काही जाईना. साडीच्या दुकानात सेल्समन पदर स्वतःच्याच अंगावर टाकून दाखवतो. तसा हाही बोलता बोलता टाकायचा. एवढ्या मिशा, खांद्यावर मोरपंखी पदर आणि तोंडात 'धिस कलर सूट्स यू'. हसून हसून माझी पुरेवाट व्हायची.

"आता मला काय म्हनाल, मॅडम?" एकदा त्यानं तसंच उभं राहून विचारलं.

"इट लुक्स गुड... ऑन यू." मी थट्टेनंच सुरुवात केली होती, पण वाक्य संपेपर्यंत थट्टा उरली नाही. तो आरशातून माझ्याकडं बघत होता. मी घाईघाईनं पर्स उचलली आणि घरी आले.

त्या दिवशी मला कळलं, मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत होते. मी जितकं चांगलं शिकवणार, तितका तो लवकर पुण्याला जाणार. एकदा तर वाटलं, मुद्दाम चुकीचं शिकवावं. पण तसं माझ्यानं होईना.

इंटरव्ह्यूच्या दिवशी संध्याकाळी मी ब्लाउजपीस बघायच्या निमित्तानं दुकानात बसून राहिले. तो आला तो ओशाळलेला. साहेबांनी त्याला एक कोट विकून दाखवायला सांगितला होता. इंग्रजी झकास चाललं होतं. पण बोलण्याच्या भरात त्यानं तो कोट स्वतःच्या खांद्यावर पदरासारखा सोडला, वर चिमटीत निऱ्याही धरल्या. सगळे खो खो हसले.

"मग?"

"मग मी बी हसलो. म्हटलं, सॉरी सर, इट सूट्स यू मोअर. प्लीज ट्राय इट ऑन. त्यांनी घातला. एक तारखेपासून ये म्हनाले."

मला मनापासून आनंद झाला आणि तितकंच वाईटही वाटलं. अभिनंदन करून मी उठले.

"थांबा की. पुण्यात न्हाई राहणार मी. हितंच खोली बघतोय, रेल्वेचा पास काढून येऊन-जाऊन करीन."

"एवढी दगदग कशाला?"

"पुण्यात तुम्ही न्हाई."

त्यानं वरच्या फळीवरून जरीकाठाची एक पांढरीशुभ्र साडी काढली आणि माझ्यासमोर उलगडली. आम्हा बौद्धांच्यात नवरी लग्नात पांढरी साडी नेसते, हे मला वेगळं सांगायला नको होतं. चांदभाईंनाही नको होतं. ते चहा सांगायला म्हणून बाहेर सटकले.

"आईला घिऊन येऊ का... तुमच्या घरी?"

मी पदर खांद्यावर घेतला आणि आरशासमोर उभी राहिले. तो बघतच राहिला. काहीतरी बोलायला त्यानं दोनदा तोंड उघडलं, पण शिकवलेलं सगळं विसरला होता.

"मराठीत सांगा," मी म्हटलं.

"लई शोभती तुला, राजश्री."

इतके दिवस त्यानं मला मॅडमच म्हटलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं.

"रविवारी बाबांना सुट्टी असते," मी म्हणाले. "आईंना घेऊन ये."