जळवांचा पहारा

बरणीचं झाकण उघडलं, आत काहीतरी काळं वळवळलं, आणि आत्या चप्पलसुद्धा न घालता हॉस्पिटलच्या खोलीबाहेर पळाली.

"त्यांना बोलवून आणू?" बरणी घेऊन आलेल्या ब्रदरने विचारलं.

"राहू द्या. आत्या आता जेवणाच्या वेळेलाच उगवेल," खाटेवरून ती हसून म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदाच हसली बिचारी.

हसण्यासारखं होतं तरी काय? बाइंडिंगच्या दुकानात कागद कापायच्या मशीनने तिच्या उजव्या अंगठ्याची कातडी पार सोलून नेली होती. डॉक्टरांनी हातावरचा कातडीचा तुकडा रक्तवाहिन्यांसकट उचलून तिथे बसवला. आता रक्त आत येत होतं, पण बाहेर पडायला वाट नव्हती. अंगठा जांभळा पडला होता. नव्या शिरा जुळेपर्यंत साचलेलं रक्त जळवांनी ओढून घ्यायचं, नाहीतर तुकडा मरणार आणि अंगठा हातचा जाणार. पुस्तकं शिवणाऱ्या बाईला अंगठाच नसेल तर ती करणार काय?

आणि जळू म्हणजे महा भटकी. ती रक्त पिऊन गळून पडेपर्यंत कुणीतरी शेजारी बसून राहायला हवं. ब्रदर स्टूल ओढून बसला.

"दुखतंय?"

"छे. त्या अंगठ्याला काही कळतच नाही... कळेल ना पुढे?"

"बहुतेक कळेल. पण खोटा शब्द देणार नाही. आधी तो जगू दे."

खोटा धीर दिला नाही, म्हणूनच तिला धीर आला.

दुसऱ्या दिवशी जळू काही केल्या चिकटेना.

"हिला मी आवडले नाही वाटतं," ती म्हणाली.

"हिला काय कळतंय—" तो बोलून गेला, आणि कानापर्यंत लाल झाला. मग बराच वेळ दोघंही त्या जळूकडेच बघत बसली.

तिला चहा-कॉफी बंद होती; रक्तवाहिन्या आवळतात म्हणे. तिसऱ्या दिवशी तिने नाक उडवलं. "चहा पिऊन आलात. इथपर्यंत वास येतोय."

चौथ्या दिवशी वास नव्हता.

"सोडला की काय?"

"तुमचा सुरू होईपर्यंत..." तो बरणीचं झाकण पुसत म्हणाला. झाकण स्वच्छच होतं.

पाचव्या दिवशी अंगठा गुलाबी दिसला. त्याने हलकेच दाबला. पांढरा पडला. "एक... दोन..." आणि गुलाबी रंग परत आला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"तुमचे उपकार कसे फेडू?"

"शिरा तुमच्याच. मी नुसता बसलो होतो." त्याने बरणी बंद केली. "आता जळू नको."

म्हणजे आता हाही येणार नाही. एवढ्या आनंदात तिचा जीव खट्टू झाला.

"तुमची ड्यूटी संपली तर..."

"कसली ड्यूटी?" औषधं घेऊन आलेली सिस्टर म्हणाली. "याची ड्यूटी पहिल्या दिवसापुरती. बाकीचे दिवस स्वतःचं काम संपवून इथे येऊन बसतोय."

सिस्टर गेली. तो खिडकीबाहेर बघत राहिला, आणि ती त्याच्याकडे.

चार महिन्यांनी ती तपासणीला आली तेव्हा पिशवीत एक कोरी वही होती. टाके थोडे वाकडे, पण घट्ट.

"बरी झाल्यावर शिवलेली पहिली. तुमच्यासाठी," ती म्हणाली. "तुम्ही बसला नसतात तर..." तिने वही पुढे केली.

त्याने वही जपून टेबलावर ठेवली आणि सवयीने तिचा अंगठा हातात घेऊन दाबला. "एक... दोन... झकास." पण हात काही सोडला नाही.

"तुमचं बोट गार आहे," ती म्हणाली.

"हो, आत्ताच हात धुतले—" तो थबकला. "थांब... तुला गार लागलं?"

तिने मान हलवली. चार महिने मुका असलेला अंगठा त्याच्या बोटाखाली पहिल्यांदा काहीतरी सांगत होता.

"सोडू हात?" त्याने हळूच विचारलं.

"नको. तेव्हा जळवांवर पहारा दिलात. आता माझ्यावर द्या... जमेल?"

"किती दिवस?"

"जन्मभर म्हटलं तर?"

दुसराही हात त्याने तिच्या हातावर ठेवला.

दार किलकिलं झालं. आत्याने फक्त डोकं आत घातलं. "बरणी नाही ना गं?"

"नाही, आत्या," तोच म्हणाला. "या आत. तुमच्याशी बोलायचंय."