काजं शिवणारा हात

हे खरं आहे. पटत नसेल तर वाचू नका, मी कुणाची मनधरणी करायला बसलेली नाही. चौथी शिकलेली बाई मी, शिवणकामावर घर चालवलं. बोलायचं सोडून लिहायला का बसले, ते शेवटी कळेल.

मंगळवार होता. भर दुपार. माझ्या मुलाला जाऊन तीन आठवडे झाले होते.

तो प्रयोगशाळेत कामाला होता. सूनही तिथंच. तिथं डोळ्यांना न दिसणारी तापलेली सुई आहे. चकतीवरच्या लेपात ती केसाहून हजारो पट बारीक खड्डे पाडते. मग थंड होऊन तेच खड्डे चाचपते आणि पडद्यावर चित्र उमटतं.

त्याची शेवटची चकती अर्धी राहिली होती. शुक्रवारपर्यंत पुरी झाली तर त्या कामावर त्याचं नाव लागणार. नाहीतर तिथल्या साहेबाचं.

"चला ना आई," सून म्हणाली. "एकटीला बसवत नाही तिथं."

"मी येऊन काय दिवे लावू?"

"नुसत्या बसा. टोमणे मारा. सवय आहे मला."

गेले.

तिनं चित्र काढलं... आणि पुन्हा एकदा काढलं.

"काल पाडलेले सगळे बुजलेत. आई, ही सुई फक्त खणते. भरत नाही."

मी पडद्याजवळ गेले. बुजलेले नव्हते ते.

शिवलेले होते.

आडवे-उभे धागे. रफू. सहा टाके सरळ... सातवा उलटा.

तो टाका माझा. एकालाच शिकवलेला.

सात वर्षांचा असताना त्यानं गिऱ्हाइकाच्या कोटाची सगळी काजं शिवून टाकली होती. भोकं पडलीत म्हणून! मी थोबाडीत दिली. "उघडं राहिलं तर थंडी जाते ना आत," एवढंच म्हणाला.

सुनेनं पुन्हा खड्डे पाडले. रात्री मशीन बंद, खोलीला कुलूप.

बुधवारी शिवलेले. गुरुवारीही.

शुक्रवारी साहेबाचं नाव लागलं. मी मुलाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ओरडले, "काजं आहेत ती, मेल्या!"

मेल्या... निघून गेलं तोंडातून.

मशीन बंद होतं. तरी आतून आवाज आला. टक्... टक्...

शनिवारी उठले तर ओठांचा डावा कोपरा उघडेना. दुखत नाही. रक्त नाही. सुनेनं भिंग लावून पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.

"किती?" मी उरलेल्या तोंडानं विचारलं.

"सहा, आई."

सातवा घालून मगच धागा तोडायचा, हे मीच त्याला शिकवलंय.